काळ्या मातीतल्या तीनचाकीचा घसरणारा क्लच : निदान आणि दुरुस्ती

पावसाळ्यात भरलेली मालवाहू तीनचाकी पांदण रस्त्यातून बाहेर काढताना इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गाडी मात्र जागची हलत नाही, तेव्हा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा असलेला प्रत्येक माणूस क्लच गेल्याचे सांगतो. हे निदान कधी खरे असते, पण पुष्कळदा ते घाईचे असते, कारण इंजिन फिरते आणि गाडी चालत नाही या एकाच लक्षणामागे घसरणारा क्लच, चिखलात फिरणारे चाक, अर्धवट बसलेला गिअर किंवा तुटलेला ड्राइव्ह शाफ्ट (चाकापर्यंत बळ नेणारा दांडा) अशी चार वेगवेगळी कारणे असू शकतात. माझे ठाम मत असे आहे की क्लच उघडणे ही शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या तपासण्यांना दोन-चार पाने (स्पॅनर), थोडे तेल आणि तासाभराचा वेळ लागतो, आणि त्या केल्याशिवाय बसवलेल्या नव्या प्लेटा जुन्यांच्याच वाटेने जातात.

हे मी माझ्याच गाडीवरून शिकलो. तिच्या क्लच प्लेटा एकाच हंगामात दोनदा जळाल्या. पहिल्या वेळी गॅरेजमध्ये प्लेटांचा नवा संच बसवून मिळाला, गाडी काही दिवस उत्तम चालली, आणि सोयाबीनच्या ऐन गर्दीत तोच जळका वास पुन्हा येऊ लागला. दुसऱ्या वेळी मी स्वतः गाडीखाली शिरून पाहिले, तेव्हा हँडलवरचा लिव्हर सोडल्यानंतरही गिअरपेटीवरचा क्लच आर्म (केबल ज्याला ओढते तो लहान दांडा) पूर्ण मागे येत नसल्याचे दिसले. केबलच्या खालच्या टोकाचे रबर फाटले होते आणि आवरणात गाळ भरून सुकला होता. बसवलेल्या प्लेटा चांगल्या प्रतीच्या होत्या, पण त्या केबलने त्यांना दिवसभर अर्धवट सुट्या ठेवले होते.

क्लच नेमके काय करतो, हे आधी स्पष्ट असावे. इंजिनाचे बळ गिअरपेटीकडे नेणाऱ्या घर्षणाच्या प्लेटा स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. लिव्हर ओढला की तो दाब निघतो आणि प्लेटा सुट्या होतात. म्हणजे लिव्हर सोडलेला असताना दाब पूर्ण मिळणे ही क्लचची मूळ अवस्था आहे, आणि घसरणीची सर्व कारणे या दाबात किंवा घर्षणात आलेल्या कमतरतेची आहेत. आपल्याकडे चालणाऱ्या तीनचाक्यांमध्ये दोन प्रकार आढळतात. एकात अनेक प्लेटा तेलात बुडून काम करतात, त्याला ओला क्लच म्हणतात. दुसऱ्यात मोटारीसारखी एकच कोरडी प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला) चिकटते. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण पुढे तेलाविषयी जे सांगायचे आहे ते दोन्ही प्रकारांत एकमेकांच्या अगदी उलट आहे.

घसरण क्लचचीच आहे का?

पहिली शंका चाकांवर घ्यावी. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यातली खोल काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही, पण यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या भारी जमिनीतही तेच घडते : ओली माती टायरच्या खाचा भरून टाकते, टायर गुळगुळीत होतो आणि जागीच फिरू लागतो. तीनचाकीच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना बळ वाटून देणारी गिअरची जोडणी) असल्यामुळे एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला बळ मिळत नाही, आणि चालकाला बसल्या जागी ते क्लच घसरल्यासारखेच वाटते. त्यासाठी मागच्या दोन्ही टायरांवर खडूने जाड रेघ ओढावी, सोबत्याला बाजूला आणि सुरक्षित अंतरावर उभे करावे, आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश क्लच सोडावा. रेघ फिरताना दिसली तर क्लच आपले काम करतो आहे, आणि उपाय चाकाखाली पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे), दगड किंवा फळी टाकण्याचा आहे. गाडीच्या मागे मात्र कोणालाही उभे करू नये. दोन्ही रेघा स्थिर राहिल्या आणि इंजिन मोकळे फिरत राहिले, तरच पुढची तपासणी करावी.

दुसरी शंका गिअरची. ज्या गाड्यांत गिअर हँडलवरून केबलने बदलतात, त्यांच्यात केबल ढिली पडली की गिअर अर्धवट बसतो आणि भार येताच सुटतो. पण त्यात कटकट आवाज येतो आणि झटका बसतो. क्लच घसरताना आवाज होत नाही. इंजिनाचे फेरे गुळगुळीत चढतात, वेग मागे राहतो आणि थोड्या वेळाने जळका, नाकाला झोंबणारा वास येतो. तिसरी शंका ड्राइव्ह शाफ्टची. एका बाजूचा शाफ्ट तुटला तर डिफरेन्शियल सगळे बळ त्या तुटक्या बाजूला वाया घालवते, म्हणून गाडी एकाएकी आणि सर्वच गिअरमध्ये जागेवर थांबते. क्लच असा एकदम जात नाही. तो आठवडेच्या आठवडे आधीपासून सूचना देत असतो आणि ती बहुधा वरच्या गिअरमध्ये, भरलेल्या गाडीत, चढावर मिळते. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे : पहिल्या गिअरमध्ये गिअरपेटी इंजिनाचे बळ अनेक पटींनी वाढवते, त्यामुळे तोच भार ओढायला क्लचमधून थोडेच बळ जावे लागते, वरच्या गिअरमध्ये ही मदत घटते आणि क्लचला अधिक बळ वाहावे लागते. कमजोर झालेला क्लच म्हणूनच आधी वरच्या गिअरमध्ये पकड सोडतो, आणि पहिल्या गिअरमध्येही घसरू लागला तर तो पुष्कळच झिजला आहे असे समजावे.

एक चौथी गोष्टही आहे, तिच्यात क्लच निर्दोष असूनही मार खातो. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरलेला गारा सुकला की तो ब्रेकसारखा चाक धरून ठेवतो, आणि ब्रेक ड्रममध्ये शिरलेल्या मातीमुळे ब्रेक शू पूर्ण मागे येत नाहीत. गाडी जॅकवर घेऊन, गिअर न्यूट्रल करून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. भुसभुशीत मातीत जॅक खाली बसतो, त्यामुळे त्याच्याखाली रुंद फळी किंवा चपटा दगड ठेवावा, टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी (अडसर) लावावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. जे चाक हाताला जड लागते, ते मोकळे केल्याशिवाय क्लचच्या खर्चात पडणे व्यर्थ आहे.

इतके झाल्यावर खरी कसोटी घ्यावी. गाडी रिकामी करून सपाट, कडक जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा, चाकांना उटी लावावी, पुढची जागा मोकळी ठेवावी. इंजिन सुरू करून सर्वांत वरचा गिअर टाकावा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश पण पूर्ण सोडावा. चांगल्या क्लचने इंजिन लगेच गुदमरून बंद पडते. लिव्हर पूर्ण सोडूनही इंजिन चालतच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही कसोटी एकदाच घ्यावी आणि दोन-तीन सेकंदांत आवरावी, कारण घसरणाऱ्या प्लेटांना ती आणखी जाळते. हँडब्रेक कमजोर असेल तर ही कसोटी घेऊच नये. त्याऐवजी नाल्याच्या काठासारखा साधा चढ निवडून, निम्म्या भाराने, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर वाढवावा आणि इंजिनाच्या आवाजाबरोबर वेग वाढतो की नाही ते पाहावे. मेळघाटाच्या बाजूला राहणाऱ्यांना परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर ही गोष्ट आपोआपच कळते.

केबल आणि तिची ढील

माझ्या मते पांदण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत सर्वाधिक लक्ष येथे द्यावे. लिव्हर ओढायला सुरुवात केल्यावर केबल ताणली जाण्यापूर्वी जो थोडा मोकळा प्रवास असतो त्याला ढील किंवा फ्री प्ले म्हणतात. हँडलवरच्या लिव्हरच्या मुळाशी ती साधारणपणे २ ते ३ मिलिमीटर असते. पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. ढील शून्य असेल तर लिव्हर सोडल्यावरही केबल क्लचला किंचित ओढून धरते, स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटांवर येत नाही, आणि क्लच घसरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : प्लेटा झिजतात तशी ढील आपोआप कमी होत जाते. महिन्यापूर्वी नीट लावलेली ढील आज संपलेली असू शकते, आणि जी गाडी रोज चिखलात राबते तिची ढील आठवड्यातून एकदा बोटाने तपासायला हवी.

ढील लावताना लॉक नट सैल करून अ‍ॅडजस्टर (केबलची लांबी जुळवणारा स्क्रू) थोडा-थोडा फिरवावा, दर वेळी लिव्हर चार-पाच वेळा ओढून सोडावा आणि मग मोजावे. इंजिन थंड असताना मोजावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही मोजावे, कारण केबल चुकीच्या वाटेने ओवलेली असेल तर एका वळणावर ती ताणली जाते, आणि धुऱ्यावरून गाडी वळवतानाच नेमका क्लच घसरतो. वरचा अ‍ॅडजस्टर संपला असेल तर तो परत आत घेऊन खालच्या, गिअरपेटीजवळच्या अ‍ॅडजस्टरवरून जुळवावे. दोन्ही अ‍ॅडजस्टर संपूनही ढील मिळत नसेल तर प्लेटा झिजल्याचा तो जवळजवळ निश्चित पुरावा आहे.

यानंतर सोबत्याला लिव्हर ओढायला सांगून स्वतः गिअरपेटीवरच्या क्लच आर्मकडे पाहावे. लिव्हर सोडताच आर्म झटकन आणि पूर्ण मागे आला पाहिजे. तो सुस्त येत असेल तर केबल आर्मपासून सोडवून आर्म हाताने हलवावा. आर्म मोकळा असेल तर दोष केबलचा आहे; आर्मच जड असेल तर त्याच्या खिळीपाशी गंज किंवा गाळ अडकला आहे आणि ती जागा साफ करून वंगण द्यावे लागेल. हँडलवरच्या लिव्हरची खिळी आणि तिचे बुश हेही याच वेळी पाहावे. पडझडीत वाकलेला लिव्हर कित्येकदा पूर्ण परत येत नाही.

केबल साफ करायची असेल तर ती दोन्ही टोकांनी काढून वरचे टोक उंच टांगावे, त्याभोवती प्लास्टिकच्या पिशवीचा लहान नरसाळा बांधावा आणि पातळ तेल थेंबथेंब सोडत राहावे. खालून आधी तांबूस-काळा गाळ येतो, मग हळूहळू स्वच्छ तेल येऊ लागते. त्याला रात्रभरही लागू शकते. जाड ग्रीस भरू नये, कारण उन्हाळ्यातल्या धुळीला ते धरून ठेवते आणि दोन महिन्यांत केबल आधीपेक्षा जड होते. केबलचा एखादा तार तुटलेला दिसला, किंवा बाहेरचे आवरण चेपलेले किंवा फाटलेले असेल, तर साफसफाईत वेळ न घालवता नवी केबल टाकावी. खालच्या टोकाचे रबरी टोपण ही किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण पांदणीतले पाणी आणि माती त्याच वाटेने आत जाते. ते नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओवून वरून तार बांधावी.

तेलाचा दोष

कोरड्या क्लचला तेलाचा थेंबही चालत नाही आणि ओल्या क्लचला योग्य तेलाशिवाय चालत नाही. ओल्या क्लचच्या गाडीत प्रथम तेलाची पातळी आणि रंग पाहावा. रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे, आणि ते ताबडतोब बदलायला हवे; पाण्याने प्लेटांवरचा घर्षणाचा थर सुटू शकतो. तेल काळे आणि जळक्या वासाचे असेल तर प्लेटा जळत आहेत. तळाशी चमकणारे धातूचे कण मिळाले तर क्लच उघडताना आतल्या इतर भागांचीही तपासणी करावी.

दुसरा प्रश्न कोणते तेल भरले आहे हा आहे. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यात तेल उरलेले असते आणि तेच तीनचाकीत ओतण्याचा मोह होतो. ज्या चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते, तेथे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (JASO MA, MA2, म्हणजे ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचा दर्जा) असे लिहिलेले तेल घ्यावे. त्यावर एमबी (MB) असेल तर ते घेऊ नये, कारण त्याचे घर्षण मुद्दाम कमी ठेवलेले असते आणि तो गुण ओल्या क्लचला घातक ठरतो. मोटारीच्या काही तेलांतही इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारे घटक असतात. ज्या डिझेल गाड्यांत इंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरपेटीचे वेगळे असते, तेथे क्लच कोणत्या तेलात आहे ते पुस्तिकेत पाहून त्याच दर्जाचे तेल भरावे. दोन्ही तेले भरण्याच्या जागांची गल्लत होऊ नये म्हणून मी त्या बुचांवर वेगवेगळ्या रंगांचा ठिपका दिला आहे. तेलात ओतायची कोणतीही जादूची बाटली वापरू नये. चुकीच्या तेलामुळे घसरण सुरू होऊन फार दिवस झाले नसतील, तर योग्य तेल दोनदा बदलून भरल्यावर क्लच कधीकधी न उघडता सुधारतो. काढलेले तेल वावरात किंवा नाल्यात टाकू नये. बंद कॅनमध्ये साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

ओला क्लच उघडताना

ढील बरोबर आहे, आर्म मोकळा आहे, तेल योग्य आहे आणि तरीही वरच्या गिअरमध्ये इंजिन उधळते, तेव्हाच क्लच उघडावा. हे काम पक्क्या फरशीवर करावे. इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार सोडावी, तेल गाळून घ्यावे आणि झाकणाचे बोल्ट काढताना ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खुपसून ठेवावेत, कारण ते सारख्या लांबीचे नसतात. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये; ते खरवडताना झाकणाच्या नरम धातूवर पेचकस चालवू नये.

प्रेशर प्लेट (स्प्रिंगचा दाब इतर प्लेटांवर देणारी प्लेट) बोल्टांनी धरलेली असेल तर ते समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा सैल करत काढावेत. एकच बोल्ट पूर्ण काढला तर स्प्रिंगच्या ताकदीने प्लेट तिरपी होऊन तिचे कान मोडतात. काही गाड्यांत स्प्रिंग दाबून धरून मग सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकण-कडी) काढावी लागते, त्यासाठी दाब देणारे खास साधन लागते. ते नसेल तर क्लचचा संच काढून ज्या मिस्त्रीकडे ते आहे त्याच्याकडे न्यावा; दाबलेल्या स्प्रिंगा पेचकसाने सोडवण्याच्या प्रयत्नात डोळा जाऊ शकतो. मधला नट काढताना त्याखालच्या लॉक वॉशरचा वाकवलेला कान आधी सरळ करावा, आणि जोडताना तो वॉशर नवा घालावा.

प्लेटा काढताना त्यांचा क्रम आणि बाजू कागदावर लिहून किंवा मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावी. घर्षणाच्या प्लेटा व्हर्नियरने (बारीक जाडी मोजण्याच्या पट्टीने) तीन-चार ठिकाणी मोजून पुस्तिकेतल्या किमान जाडीशी ताडून पाहाव्यात. पुस्तिका नसेल तर त्याच गाडीच्या नव्या प्लेटेशी तुलना करावी. एका प्लेटेची झीज नगण्य दिसते म्हणून ती सोडून देऊ नये. चार प्लेटा प्रत्येकी ०.३ मिलिमीटर झिजल्या असतील तर एकूण १.२ मिलिमीटर कमी झाले, आणि स्प्रिंग तेवढीच सैल पडली. जाडी पुरेशी असूनही पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो भाजला आहे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून असा पृष्ठभाग हलका घासला तर गाडी काही दिवस चालते, पण तो उपाय नवा संच येईपर्यंतचाच आहे.

मधल्या लोखंडी प्लेटा अनेकदा पुसून तशाच परत बसवल्या जातात, आणि नवा संच लवकर जळण्याचे हे एक मोठे कारण आहे. त्यांच्यावर निळसर डाग असतील तर त्या तापल्या आहेत. प्रत्येक प्लेट जाड सपाट काचेवर ठेवून कडेने फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाची) पाती घालून पाहावी, ०.१५ मिलिमीटरची पाती सहज आत जात असेल तर मी ती प्लेट वाकडी धरतो आणि बदलतो, मात्र पुस्तिकेतली मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम. स्प्रिंगा एका रेषेत उभ्या करून त्यांची उंची मोजावी. तापलेली स्प्रिंग आखूड होते आणि तिची ताकद जाते. एक जरी आखूड निघाली तरी सगळ्या एकदम बदलाव्यात, नाहीतर दाब एका बाजूला कमी-जास्त पडतो. शेवटी क्लचच्या बाहेरच्या डब्याच्या खाचा बोटाने चाचपाव्यात. प्लेटांचे दात तेथे आदळून खोल घरे पडली असतील तर नव्या प्लेटा त्यांत अडकतात, मोकळ्या सरकत नाहीत आणि पूर्ण दाबाखाली येत नाहीत. उथळ खुणा बारीक कानसीने सपाट करता येतात; खोल असतील तर डबा बदलावा.

नव्या घर्षणाच्या प्लेटा बसवण्यापूर्वी ज्या तेलात त्या चालणार आहेत त्याच तेलात रात्रभर बुडवून ठेवाव्यात. कोरड्या प्लेटा बसवून लगेच भार दिला तर पहिल्याच फेरीत त्या भाजतात. जोडणी उलट क्रमाने करावी, बोल्ट पुन्हा समोरासमोरचे थोडे-थोडे कसावेत आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (कसण्याच्या जोरावर) थांबावे. झाकण लावण्यापूर्वी आर्म हाताने दाबून प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलली जाते का, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.

कोरड्या क्लचविषयी

येथे थोडेच सांगतो, कारण गिअरपेटी किंवा इंजिन उतरवल्याशिवाय तो उघडत नाही आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच असावे. पण त्याच्याकडून तीन गोष्टी आवर्जून करून घ्याव्यात. प्लेटेवर तेल आढळले तर ती पेट्रोलने धुऊन परत बसवू देऊ नये. तेल लाइनिंगमध्ये (प्लेटेवरच्या घर्षणाच्या थरात) मुरलेले असते आणि गरम झाले की पुन्हा वर येते. ज्या ऑइल सीलमधून ते आले ते बदलल्याशिवाय नवी प्लेटही बसवू नये. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग निळा पडला असेल किंवा त्यावर बारीक तडे असतील तर तो लेथवर साफ करून घ्यावा किंवा बदलावा. आणि आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नये, कारण जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने ती पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

जोडणीनंतर आणि वाटेत

दुरुस्ती झाल्यावर ढील नव्याने लावावी, कारण नव्या जाड प्लेटांमुळे जुनी जुळवणी उपयोगाची राहत नाही. इंजिन सुरू करून लिव्हर ओढून पहिला गिअर टाकावा. गाडी सरकू पाहत असेल तर ढील जास्त झाली आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर निम्मा भार ठेवावा आणि चिखलात जोर देणे टाळावे. त्यानंतर ढील परत एकदा तपासावी, कारण नव्या प्लेटा बसताना ती थोडी बदलते.

भाराचा हिशेब पोत्यांवरून ठेवणे सोपे जाते. युरियाचे पोते ४५ किलोचे आणि डीएपीचे ५० किलोचे असते. ज्या गाडीची मर्यादा पाच क्विंटल आहे तिच्यात युरियाची अकरा किंवा डीएपीची दहा पोती झाली की जागा उरली तरी थांबावे. कापूस फुगीर असल्याने गाडी भरलेली दिसते पण वजन तितके नसते, तर सोयाबीनच्या पोत्यांचे उलट आहे. ओल्या पांदणीत तर मी मर्यादेच्याही निम्मेच भरतो आणि दोन फेऱ्या करतो. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याची सवय ज्याला आहे, त्याच्या गाडीचा क्लच कोणत्याही दुरुस्तीने टिकणार नाही. तेथे ब्रेक लावावा. लिव्हरवर सतत बोटे टेकवून चालवणेही तितकेच वाईट, कारण त्या बोटांचे वजन थेट ढील खाते.

वावरात संध्याकाळी क्लच घसरू लागला आणि घरी पोहोचणे भाग असेल, तर प्रथम थांबून अर्धा तास क्लच थंड होऊ द्यावा आणि निम्मा माल धुऱ्यावर उतरवावा. अ‍ॅडजस्टरने ढील नेहमीपेक्षा थोडी वाढवावी. गिअर टाकायला जड जाईल, पण प्लेटांना जो काही दाब शिल्लक आहे तो पूर्ण मिळेल. त्यानंतर पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन न उधळता, क्लचला पुन्हा हात न लावता सावकाश निघावे, आणि नाल्याचा चढ आला तर तो खालच्या गिअरमध्ये आधीच घेऊन चढावा. माझ्या गाडीत सीटखाली दोन पाने आणि एक फळी कायम असते. क्लचची एक नवी केबल तर जुन्या केबलच्या शेजारीच ओवून दोन्ही टोके बांधून ठेवली आहेत, म्हणजे अंधारात तुटली तरी ती नुसती अडकवायची राहते.